दहा फुटांच्या गल्लीतून दहा फुटांचं घर

"आत्या, आता तू क्लीनर," असं म्हणून भाच्याने मला पुढच्या उजव्या सीटवर बसवलं आणि बत्तीस फुटी घर चालू केलं. घर म्हणजे अक्षरशः घर. मागे पलंग, न्हाणीघर, शेगडी, फ्रीज, फ्रीजमध्ये भाचेसुनेने डबे भरून ठेवलेला दहीभात, आणि पुढे एस.टी.च्या काचेच्या दीडपट काच. अमेरिकेत याला मोटरहोम म्हणतात, नाहीतर नुसतं आर.व्ही. आम्ही डेन्व्हरहून सेंट लुइसला निघालो होतो, सगळा प्रवास इंटरस्टेट ७० या एकाच हमरस्त्याने. कॅन्ससचा सपाट, वाऱ्याचा मुलूख संपला, मिझुरी राज्य लागलं, आणि कोलंबिया गाव ओलांडल्यावर थोड्याच वेळात रस्ता नारिंगी झाला.

नारिंगी पाट्या, नारिंगी पिंपं, नारिंगी जाकिटातली माणसं. उजवीकडची मोकळी कड नाहीशी झाली आणि तिच्या जागी काँक्रीटचा कठडा आला. डावीकडच्या लेनमधून अठरा चाकी ट्रक चालले होते. माझ्या खिडकीतून खाली बघितलं तर कठडा इतका जवळ होता की त्याच्यावरच्या टायरच्या काळ्या रेघा मोजता आल्या असत्या. मी क्लीनरचं काम मनापासून करायचं ठरवलं होतं, पण तोंडातून 'जाऊ द्या, जाऊ द्या' निघेना. एका वळणावर मागच्या बाजूने खर्रर्र असा आवाज आला, शेंगा भरलेलं पोतं फरशीवरून ओढावं तसा. दोन सेकंद. मग थांबला. भाचा काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

मुक्कामाला पोचल्यावर मी हिशेब मांडला. गाडीच्या कागदावर रुंदी लिहिली होती १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारखे बाहेर आलेले आरसे. मी वितीने मोजले, एकेक साधारण नऊ इंच. सगळं मिळून दहा फूट. आता रस्ता. अमेरिकेतल्या हमरस्त्याची लेन एरवी बारा फुटांची असते; बांधकाम चालू असलं की ती अकरा फुटांवर आणतात आणि जागा फारच तोकडी असली तर दहा फुटांवर. म्हणजे वेळ आली तर दहा फुटांच्या गल्लीतून दहा फुटांचं घर न्यायचं, तेही ताशी ऐंशी किलोमीटरने, आणि चालवणारा कोण, तर एरवी छोट्या गाडीतून ऑफिसला जाणारा आमचा भाचा. या घरासाठी वेगळा परवाना लागला नव्हता. बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांच्या, म्हणजे पावणेबारा टनांच्या आतलं मोटरहोम साध्या परवान्यावर चालतं. कॅलिफोर्नियात लांबी ४० फुटांच्या पुढे गेली की मगच वेगळा वर्ग लागतो. गाडी भाड्याने देणाऱ्याने त्याला एक व्हिडिओ दाखवला, किल्ली दिली आणि शुभेच्छा दिल्या.

हे गणित सुटतं कसं, हे शोधायला मी नंतर बसले. सुरुवात कायद्यापासून झाली. अमेरिकेत इंटरस्टेट रस्त्यांचं जाळं विणायचा कायदा १९५६ साली झाला. त्या कायद्याखालचं पहिलं प्रत्यक्ष काम मिझुरीतल्याच सेंट चार्ल्स काउंटीत, याच इंटरस्टेट ७० वर, १३ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालं, असा मिझुरीचा दावा आहे. पहिलेपणावर कॅन्सस आणि पेनसिल्व्हेनियाही हक्क सांगतात, त्या भांडणात आपण पडू नये. तेव्हा ट्रक-बसची कमाल रुंदी ९६ इंच होती आणि बारा फुटी लेनमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मोकळे राहत. १९८२च्या कायद्याने ही मर्यादा १०२ इंच केली. आपल्याकडे ती २.६ मीटर आहे, म्हणजे जवळपास तेवढीच. अमेरिकेतलं हे घर आणि आपली लाल एस.टी. अंगाने एकाच मापात बसतात. गाडी रुंद झाली, पण लेन बाराचीच राहिली. कडेची मोकळी जागा २४ इंचांवरून २१ इंचांवर आली. बारा फुटांच्या दहा झाल्या की ती उरते नऊ इंच, म्हणजे नेमकी आरशाएवढी. कायदा रुंदी मोजताना आरसे धरतच नाही.

आणि आता तोच इंटरस्टेट ७० मिझुरीत रुंद होतो आहे. कॅन्सस सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग्जपासून वेंट्झव्हिलपर्यंत, सुमारे तीनशे किलोमीटर, दोन्ही दिशांना तिसरी लेन. २.८ अब्ज डॉलरचं हे काम कोलंबिया ते किंगडम सिटी या टप्प्यापासून २०२४ मध्ये सुरू झालं. वाहतूक थांबवायची नाही आणि रस्ता तर वाढवायचा. चालत्या शिवणयंत्राखालच्या झग्याला बाही लावण्यासारखंच हे.

तर त्या दहा फुटांच्या गणिताचं पहिलं उत्तर. आरसे भिंतीला लागत नाहीत, कारण ते भिंतीच्या वरून जातात. काँक्रीटचा तो कठडा साधारण ३२ इंच उंच असतो, जेमतेम आपल्या कमरेएवढा, आणि मोटरहोमचा आरसा माणसाच्या डोक्याच्या वर. म्हणजे गल्ली खाली दहा फुटांची असली तरी वर ती जास्त रुंद आहे. आरसा लेनच्या बाहेर हवेत तरंगत जातो. हे एकदा कळलं की खिडकीतून दिसणारं चित्रच बदलतं. आरसा कठड्याच्या डोक्यावरून सरकताना दिसतो, दरीवर झुकलेली फांदी चालत्या गाडीतून दिसावी तसा.

दुसरं उत्तर त्या कठड्याच्या आकारात आहे, आणि मला सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच पडली. तो सरळ भिंतीसारखा नसतो. खाली दोन फूट रुंद, वर सहा इंच, मध्ये एक मोड. अमेरिकेत याला जर्सी बॅरियर म्हणतात, कारण १९५०च्या दशकात न्यू जर्सी राज्याने तो आपल्या रस्त्यांवर घडवला. पहिला अवतार जेमतेम दीड फूट उंच होता. वाढत वाढत तो १९५९च्या सुमारास ३२ इंचांवर स्थिरावला. पायथ्याशी तीन इंच उभी कड, मग ५५ अंशांचा उतार तेरा इंचांपर्यंत, आणि तिथून वर जवळजवळ उभी, ८४ अंशांची भिंत.

याची गंमत अशी. गाडी कडेला घसरली तर आधी पत्रा लागत नाही, टायर लागतो. पायथा वरच्या कडेपेक्षा नऊ इंच पुढे आलेला असतो ना. टायर त्या उतारावर थोडा चढतो, गाडीचं ओझं किंचित उचललं जातं, सरकण्याचा जोर उचलण्यात खर्च होतो आणि उतारच चाकाला परत रस्त्यावर ढकलतो. कोन लहान असेल तर गाडी पत्र्याला ओरखडाही न येता मार्गाला लागते. भिंतीला धडकल्यावर गाडी थांबावी, अशी आपली कल्पना. इथे भिंत गाडीला धरत नाही, समजावून परत पाठवते.

फक्त एक खोट निघाली. छोट्या, हलक्या मोटारी त्या उतारावर जास्तच चढू लागल्या आणि कलंडू लागल्या. मग वेगवेगळे आकार घेऊन त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली आणि संगणकावर त्यांची परीक्षा झाली. 'एफ' आकार पास झाला. त्यात बाकी सगळं तसंच, फक्त मोड तेरा इंचांऐवजी दहा इंचांवर. तीन इंचांनी माणसं वाचली. आजही त्याला एफ-शेपच म्हणतात. इतक्या उपयोगी वस्तूला परीक्षेचा बैठक क्रमांक हेच नाव राहिलं.

बांधकामाच्या जागी हे कठडे कायमचे ओतलेले नसतात. मीटरमागे सहाशे किलोच्या आसपास वजनाचे तुकडे क्रेनने आणून ठेवतात, टोकाला टोक लावतात, कडीत कडी बसवून वरून लोखंडी दांडा सोडतात. आपला कडी-कोयंडाच, फक्त राक्षसाच्या दाराचा. जमिनीला ठोकलेले नसले तर जोराची धडक बसल्यावर ते काही फूट सरकतात, आणि तेवढी जागा पलीकडे मोकळी ठेवावी लागते, कारण पलीकडे माणसं काम करत असतात. हमरस्त्यावरच्या अशा कठड्याची नेहमीची कसोटी २,२७० किलोच्या पिकअप गाडीने घेतात, ताशी १०० किलोमीटर वेग, २५ अंशांचा कोन. आमचं घर त्याच्या चौपट-पाचपट भारी होतं. हे मला नंतर कळलं ते बरंच झालं.

कठड्याच्या आधी पिंपं येतात. नारिंगी-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, तीन फूट उंच, पोकळ प्लास्टिकची. उडून जाऊ नयेत म्हणून खाली रबराचं जड कडं घातलेलं असतं. ही कडी पुष्कळदा ट्रकच्या जुन्या टायरच्या कडा कापून केलेली असतात, म्हणजे याच रस्त्यावर झिजलेलं रबर याच रस्त्यावर पहाऱ्याला बसतं.

ही पिंपं कुणी गंमत म्हणून तिरकी मांडत नाही. अमेरिकेत वाहतुकीच्या खुणांची एक राष्ट्रीय नियमपुस्तिका आहे, पहिली आवृत्ती १९३५ची, अकरावी डिसेंबर २०२३ची. बांधकामाचा नारिंगी रंग तिने १९७१ साली पक्का केला. एक लेन बंद करायची तर पिंपांची तिरकी रांग किती लांब असावी, याचं तिच्यात सूत्र आहे, आणि ते तिसरीतल्या मुलाला सोडवता येईल असं आहे. लेनची रुंदी फुटांत, वेग मैलांत, दोघांचा गुणाकार. बारा फुटांची लेन, ताशी ६५ मैल वेग, बारा गुणिले पासष्ट, ७८० फूट. म्हणजे बारा फूट बाजूला सरकायला तुम्हाला जवळजवळ २४० मीटर दिलेले असतात. त्या रांगेत दोन पिंपांमधलं अंतर किती, तर वेग जितके मैल तितके फूट. पासष्टला पासष्ट. रांग सरळ झाली की दुप्पट.

म्हणून भाच्याचं स्टिअरिंग हललेलं मला दिसतच नव्हतं. बत्तीस फुटी घर एका लेनमधून दुसरीत जात होतं आणि मागच्या फ्रीजमधला दहीभात जागचा हलत नव्हता. वाट अडवणाऱ्या आडव्या फळ्यांवर तिरके पट्टे असतात, त्यांच्याकडे मी पूर्वी शोभा म्हणून बघायची. ते पट्टे ज्या बाजूला खाली उतरतात, त्या बाजूने जायचं. सगळा रस्ता बोलत असतो आणि आपण नुसता नारिंगी रंग बघत असतो.

कधी कधी मात्र तो दोन तोंडांनी बोलतो. लेन सरकवताना जुने पांढरे पट्टे खरवडून काढतात, पण खरवडलेली जागाही गुळगुळीत होते. संध्याकाळचं ऊन समोरून आलं किंवा पाऊस पडून गेला की पुसलेले पट्टे परत चमकतात. ड्रायव्हरला एकाच वेळी दोन रस्ते दिसतात, एक आजचा, एक गेल्या महिन्याचा. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ त्यावर तोडगा म्हणून तात्पुरते पट्टेच नारिंगी मारून पाहिले गेले.

आता ड्रायव्हरच्या डोक्यात शिरू. रस्ता कितीही शहाणा असला तरी चालवणारा माणूसच असतो आणि भिंत दिसली की माणूस आक्रसतो. तो नकळत भिंतीपासून दूर सरकतो. इंजिनिअर मंडळी हे धरून चालतात, भिंतीला किती लाजून गाडी चालेल याचा अंदाज ती आराखड्यात मांडतात. पण दुसऱ्या बाजूला ट्रक असला तर? कठड्याला लाजून सरकायचं ते ट्रककडे. आणि ट्रकचा आरसा आपल्या आरशाच्याच उंचीवर असतो. कठड्यावरून आरसा निघून जाईल, शेजारच्याच्या आरशावरून कसा जाणार? खरी भीती तिथे होती आणि मी बिचारी पूर्णवेळ कठड्याकडे डोळे लावून बसले होते.

भाच्याची युक्ती साधी होती. ट्रकच्या शेजारी राहायचंच नाही. एकतर त्याच्या पुढे, नाहीतर मागे. दोन दहा-फुटी गाड्या एका ओळीत आल्याच नाहीत तर आरशाला आरसा भेटतोच कुठे? पुष्कळ ट्रकवालेही हे समजून थोडं मागे रेंगाळतात. एकाने दिवे मिचकावून आम्हाला पुढे जाऊ दिलं तेव्हा मला आपले घाटातले ड्रायव्हर आठवले. घाट चढणाऱ्याला वाट देण्याची रीत तिथे पाठ्यपुस्तकातून आलेली नसते.

"तू भिंतीकडे बघतोस की नाही?" मी मध्येच विचारलं.

"भिंतीकडे बघितलं की गाडी भिंतीकडे जाते, आत्या. लांब बघायचं. ते पिंप दिसतंय ना, वळणाच्या आतल्या टोकाचं? तिथे."

मला ते बाबांनी सायकल शिकवताना म्हटल्यासारखं वाटलं. पण त्यात प्रयोगशाळेने शोधलेलं तथ्य आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातले मायकेल लँड हे डोळ्यांचे अभ्यासक. त्यांनी आणि डेव्हिड ली यांनी १९९४ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की वळणावर चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवर, जिथे ती कड आपल्याकडे सर्वात फुगलेली दिसते त्या बिंदूवर, जाऊन बसते, आणि हात वळण्याच्या एक-दोन सेकंद आधीच ती तिथे पोचलेली असते. पुढच्या वर्षी लँड आणि हॉरवुड यांनी आणखी सुंदर प्रयोग केला. चालकाला रस्त्याची फक्त एक बारीक आडवी फट दाखवायची. फट लांबच्या रस्त्याची असली तर गाडी मऊ चालायची, पण लेनच्या मधोमध राहायची नाही. फट जवळच्या रस्त्याची असली तर लेन सांभाळली जायची, पण गाडी हिसके खायची. दोन्ही दिसलं तरच माणूस नीट चालवतो. लांबचा रस्ता हाताला वळण सांगतो आणि जवळचा जागा सांगतो, आणि हे दोन संवाद एकाच वेळी चालू असतात, चालकाच्या नकळत.

मोटरहोममध्ये या जवळच्या संवादात गडबड होते. बसण्याची जागा पुढच्या चाकांच्याही पुढे, आणि गाडीची उजवी कड दोन मीटर लांब. शिवाय भाचा पुण्यात गाडी शिकलेला. आपण उजवीकडे बसतो, म्हणजे स्वतः लेनच्या उजव्या अर्ध्यात असलो की गाडी मधोमध. अमेरिकेत उलट. हाताची सवय महिन्याभरात गेली, तो सांगत होता, पण बुडाखालची गेली नाही. सुरुवातीला त्याची प्रत्येक गाडी उजवीकडे ओढ घ्यायची. तिकडे गेलेल्या कुणाही मराठी माणसाला विचारा. या घराची ओढ उजवीकडे गेली असती तर तिथे मी होते आणि माझ्यापलीकडे कठडा.

वाऱ्याचं फार सांगत नाही, पण एक हिशेब बघा. घराची बाजू साधारण बत्तीस चौरस मीटर धरा. आडवा वारा ताशी ५० किलोमीटरचा. ढोबळ मानाने जवळजवळ पावणेचारशे किलोचा धक्का बसतो, सतत. चालक स्टिअरिंग किंचित वाऱ्याकडे वळवून ठेवतो. मग पूल येतो, पुलाखाली वारा एकदम थांबतो आणि वळवलेलं स्टिअरिंग घराला भलतीकडे नेतं. ट्रक ओलांडून जातो तेव्हाही हेच, फक्त दोन अंकांत: त्याचं तोंड जवळ आलं की त्यापुढची दाबलेली हवा आपल्याला दूर लोटते, मग त्याचं लांब अंग शेजारून जाताना मधल्या चिंचोळ्या जागेतला दाब घटतो आणि आपण त्याच्याकडे ओढले जातो. डॅनियल बर्नुलीने १७३८ साली प्रवाहांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ट्रक नव्हते. ट्रकच्या हवेचे हे जोर ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाने वाढतात, म्हणून ताशी ६५ मैलांचे ४५ केले की ते निम्म्याहून कमी होतात. पाटीवरचा कमी वेग पोलिसांसाठी असतो असं मला वाटायचं.

आता तो खर्रर्र. मुक्कामाला उतरल्यावर मी आधी गाडीची उजवी बाजू तपासली. पत्रा चकचकीत, आरसा जागेवर. खाली वाकले तर मागच्या चाकाच्या बाहेरच्या टायरवर, कडेला, हातभर पांढरा पट्टा. बोट फिरवलं, बोटाला सिमेंट लागलं. कठड्याच्या पायथ्याला मागचा टायर घासला होता.

पुढचा का नाही? लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते वळणाच्या आत कापतं. किती, याचं सूत्र आहे: दोन चाकांमधलं अंतर वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा. आमच्या घराच्या पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर. वळण दोनशे मीटर त्रिज्येचं धरलं तर ३६ भागिले ४००, नऊ सेंटिमीटर. साडेतीन इंच. एरवी कोण विचारतो साडेतीन इंचांना? पण दहा फुटांच्या गल्लीत दोन्ही कडेला मिळून अठराच इंच असतात. भाच्याने पुढचं चाक बरोबर ठेवलं होतं, मागचं आत गेलं आणि कठड्याने त्याला परत पाठवलं. नऊ इंच पुढे आलेला तो पायथा नसता तर सिमेंट माझ्या बोटाला टायरवरून नाही, पत्र्यावरून लागलं असतं. भाड्याच्या गाडीच्या पत्र्यावरून.

तरी बरं, आमच्यामागे मोटार बांधलेली नव्हती. पुष्कळ लोक मोटरहोममागे आपली लहान गाडी चारी चाकांवर ओढत नेतात. तिला तिकडे थट्टेने 'टोड', म्हणजे बेडूक म्हणतात, ओढलेली या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरची कोटी. अशी गाडी मागे असली की घर उलटं घेता येत नाही. चुकीच्या पिंपामागे शिरलात तर उतरून बेडूक सोडवायचा आणि मगच मागे यायचं, रांगेतल्या सगळ्यांच्या समोर.

आणखी एक गोष्ट दिसली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. रस्ता दुभागतो तिथे कठड्याच्या टोकाशी पिवळी पिंपं उभी असतात, वाळूने भरलेली, पुढच्यांत वाळू थोडी, मागच्यांत जास्त. गाडी घुसली की एकेक पिंप फुटतं आणि वेग टप्प्याटप्प्याने खाली येतो. ती जॉन फिच नावाच्या अमेरिकन शर्यतपटूची कल्पना. १९५५ साली फ्रान्समधल्या ल मॉनच्या शर्यतीत पिएर लेवेगची मर्सिडीज प्रेक्षकांत उडाली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या गाडीवर पाळीपाळीने दोघे चालक होते, लेवेग आणि फिच. फिचची पाळी यायची होती. नंतर त्याने आयुष्याचा मोठा भाग माणसं आदळतात त्या जागा मऊ करण्यात घालवला.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या कामाच्या जागी दरवर्षी आठशेहून अधिक माणसं मरतात. त्यांतले बहुसंख्य कामगार नसतात, गाड्यांतले लोक असतात. आणि अशा जागी सगळ्यात जास्त होणारा अपघात कठड्याला घासण्याचा नसून पाठीमागून आदळण्याचा आहे. अरुंद जागेत सगळे जागे असतात. गल्लीच्या एक-दोन किलोमीटर आधी गाड्यांची रांग तुंबते, तिच्या शेपटीशी कुणीतरी अजून पूर्ण वेगात येत असतो. म्हणून मला आता त्या चिंचोळ्या पट्ट्यापेक्षा त्याच्या आधीचा मोकळा रस्ता जास्त भीतीदायक वाटतो.

तिकडे जाऊन असं घर भाड्याने घेणार असाल तर निघण्यापूर्वी एक टेप घ्या आणि एका आरशाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रुंदी मोजून, फूट-इंचांत, कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. शेजारी उंचीही लिहा. कंपनीच्या कागदावरच्या १०२ इंचांत आरसे धरलेले नसतात.